एका जागेवर दोघी

मी जळकी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी समजूत घालायला नको.

जिच्यावर जळते ती आणि मी, आम्ही दोघी खेळाडूंच्या कोट्यातून एकाच सरकारी खात्यात लागलो. दुपारपर्यंत टेबलावर फायली, मग मैदानावर बास्केटबॉल. दोघींची जागा एकच, शूटिंग गार्ड, म्हणजे लांबून नेम धरून बास्केट करणारी. तेरा वर्षं सामना मी सुरू केला आणि संपवला तिने. शेवटची दोन मिनिटं उरली की कोच मला बाहेर बोलवायचे आणि तिला आत पाठवायचे. पेपरात फोटो अर्थातच शेवटच्या बास्केटचा येतो.

"दमलीस की तुझा चेंडू रिंगच्या पुढच्या काठाला आपटतो," एवढंच कोच म्हणायचे. का आपटतो, ते त्यांनाही ठाऊक नसावं. मी बाकावर बसून टाळ्या वाजवायचे आणि मनात म्हणायचे, चुकू दे हिचा. चुकायचा नाही मेला.

खेळणं सुटल्यावर लेकीला मीच शिकवलं, कोथरूडच्या आमच्या सोसायटीतल्या रिंगवर. राज्याच्या संघाच्या निवडीत लेक दोनदा गळली. तिसऱ्या वर्षी मला न विचारता कोचिंगसाठी विश्रांतवाडीला जायला लागली. कोणाकडे? तिच्याचकडे! मग घरी रोज 'मॅम असं म्हणाल्या, मॅम तसं म्हणाल्या'. पहाटे उठून डबा करायचा मी आणि गोडवे मॅमचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

यंदा लेकीची निवड झाली. मनात नसताना पेढे घेऊन मॅमकडे गेले. जनाची तरी लाज असते माणसाला.

"काय वेगळं शिकवलंस गं?" मी विचारलं.

"विशेष काही नाही. चेंडू छातीपासून सोडायची, तो कपाळाच्या वरून सोडायला लावला. पाय दमले तरी मग पोचतो. तुझीच सवय ती, पोरीने हुबेहूब उचललेली."

"म्हणजे तुला तेव्हाही दिसत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग तेरा वर्षांत एकदा तोंड उघडायला काय झालं होतं?"

"उघडलं असतं तर मला कोणी खेळवलं असतं का?" ती शांतपणे म्हणाली आणि पेढा खायला लागली.

मी तिथेच भांडायला हवं होतं. पण तिच्या जागी मी असते तर मीही गप्पच बसले असते, हे मला त्याच क्षणी कळलं, आणि तिच्यापेक्षा त्याचाच राग जास्त आला.