आधी चहा, मग चित्र

आखातात, अल रीम बेटावर आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये हालिना राहायच्या. पोलंडच्या, साठी उलटलेल्या, अंगात कायम रंगाचे डाग पडलेला शर्ट. पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा मी लगबगीने सोफ्यावरचे वाळलेले कपडे उचलायला लागले, तर त्या ओरडल्याच, "नो, नो! लीव्ह इट! धिस इज होम!" आणि पिशवीतून वही काढून त्या ढिगाचंच चित्र काढायला बसल्या. माझ्या घरकामाचा पंचनामाच झाला म्हणायचा.

त्यांना माणसं कामात असतानाच हवी असायची. माझ्या सासूबाई मेथी निवडायला बसल्या की या वही घेऊन हजर. एकदा आईंनी चित्रासाठी म्हणून पैठणी नेसली, मोत्यांच्या कुड्या घातल्या आणि ताठ बसल्या. हालिनांनी पेन्सिलच खाली ठेवली. "नो पोझ, आई! मेथी, यल्ला, चलो!" आई पुटपुटल्या, "हिला माणूस चांगलं दिसलेलं बघवत नाही." पण गाउन घालून पुन्हा मेथीला बसल्या. मी आणि नवरा दिवसभर ऑफिसात. आईंशी बोलायला त्या अख्ख्या टॉवरमध्ये एवढी एकच बाई होती. एकीचं मोडकं हिंदी, दुसरीचं तुटकं इंग्रजी, पण गप्पा कधी अडल्या नाहीत.

हालिनांच्या हॉलमध्ये एक जुनं तैलचित्र होतं, त्यांच्या वडिलांनी काढलेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बटाटे सोलत बसलेली त्यांची आई. घरातली रोजची कामं, काही न सजवता, आहेत तशी रंगवणारे चित्रकार पोलंडमध्ये पुष्कळ झाले, असं त्या अभिमानाने सांगत. "त्या कोपरावरचा उजेड बघ!" हे येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावं लागे. मीही मान डोलवत असे. आईंनी मात्र चित्र पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "दमलीय गं ही. सकाळपासून हिला कोणी चहासुद्धा विचारलेला नाही."

मी ते इंग्रजीत सांगितलं. हालिना चित्राच्या जवळ गेल्या. मग हळूच म्हणाल्या, "तिला ताप होता त्या दिवशी. बाबा संध्याकाळपर्यंत रंगवत बसले. तिचा थकवा किती सुंदर काढला त्यांनी! पण उठले नाहीत. आणि मीसुद्धा इतकी वर्षं कोपरच बघत राहिले."

हालिनांवर माझा जीव जडला तो तेव्हापासून. त्यानंतर त्या आमच्याकडे आल्या की आधी ओट्यापाशी जात, चहा करून आईंच्या हातात देत आणि मगच वही उघडत. चहा बिनदुधाचा, वर लिंबाची चकती. आई तो काढ्यासारखा पीत, पण एकदाही नको म्हणाल्या नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात हालिनांच्या यजमानांची नोकरी संपली. आता मुलाजवळ, लहानशा घरात राहायचं होतं. मुलाने फोनवर स्पष्टच सांगितलं, ते काळपट चित्र आमच्या भिंतीवर नको. हालिना आमच्या सोफ्यावर बसून लहान मुलीसारख्या रडल्या. "मी गेले की तो ते फेकून देईल. माझी आई कचऱ्यात जाईल."

त्या काय म्हणताहेत ते मी आईंना सांगितलं. आई उठल्या, मला न विचारता आमचा सिंगापूर ट्रिपचा भलामोठा फोटो भिंतीवरून उतरवला आणि रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवलं. "इधर लगाओ. मैं देखूंगी इसको."

जाताना हालिनांनी आईंचं मेथी निवडतानाचं चित्र सोबत नेलं. निरोप घेताना दोघींनी हात धरले ते सोडवेनात. लिफ्ट दोनदा येऊन रिकामी गेली.

परवा मी ऑफिसातून लवकर घरी आले. आई त्या चित्रासमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या. टीपॉयवर दोन कप. एक त्यांचा नेहमीचा दुधाचा, दुसरा बिनदुधाचा, लिंबाची चकती घातलेला.

"आई, आता हा कोण पिणार?" मी हसत विचारलं.

"मीच पिते नंतर," आई म्हणाल्या. "पण आधी तिला विचारते."