तुलसाबाईच्या गळ्यावरचा हुकूम

कामठा गावात तुलसाबाई गायल्याशिवाय पोवार समाजातल्या कोणत्याच घरी नवरीला हळद लागत नसे. आयुष्यात तिला मान होता तो एवढाच. २०१२ साली भाचा ओमेश्वरने तिची गाणी एका वेबसाइटवर टाकली. तिथे सिनेमे चोरून दाखवतात म्हणून कोर्टाने ती अख्खी साइटच बंद करायला लावली. ओमेश्वरने मोबाइलवरची पाटी वाचून दाखवली, 'न्यायालयाच्या आदेशाने बंद'. तुलसाबाईला वाटलं, हुकूम आपल्याच गळ्यावर निघाला.

दुसऱ्याच दिवशी पुतणी योगेश्वरीची हळद होती. तुलसाबाई तोंडाला पदर लावून बसली.

"गाऊन काऊन नाही राहिली वं?" जाऊ अनुसयाने विचारलं.

"कोर्टानं बंद केलं मले. मी कानात सांगतो, तू गाय."

अनुसयाला उभ्या जन्मात सूर सापडला नव्हता. पहिल्या ओळीला बाया हसल्या, दुसरीला नवरी रडकुंडीला आली. तिसरी तुलसाबाईने कशीबशी सोसली. चौथीला मात्र पदर खाली पडला आणि तिने खणखणीत आवाजात गाणं उचललं.

योगेश्वरीच्या गालाला हळद लागली, तशी तुलसाबाई ओमेश्वरकडे वळली.

"कोर्टाचा माणूस आला तं सांगजो, मामी गात नव्हती. अनुसयाचं चुकलेलं दुरुस्त करून राहिली होती."