हिमनगातली खोली

माझ्या नवऱ्याचं रेणापूरला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. दोन्ही किडन्या गेल्या तसं ते बंद पडलं, आणि आठवड्यातून दोनदा आम्ही एसटीनं लातूरला डायलिसिसला जाऊ लागलो. डॉक्टरांनी पाणी अगदी घोटभर सांगितलेलं. तहानेनं जीव कासावीस झाला की मी बर्फाचा खडा त्यांच्या जिभेवर ठेवायची.

मशीनवर पडल्या पडल्या ते मोबाइलवर हिमनग बघायचे. समुद्रात सुटून वाहत निघालेले, आमच्या गावाहून मोठे. असा हिमनग जहाजांनी ओढून न्यायचा काहीजणांचा विचार आहे, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं आणि मग त्यांना दुसरं काही सुचेना. मुंबईपर्यंत ओढायचा, तिथं फोडून रेल्वेनं आणायचा, कोरड्या मांजरा धरणात सोडायचा. अर्धापूरच्या केळीलाही त्यांनी वाटा ठेवला होता.

"एक तुकडा मात्र फोडायचा न्हाई," एकदा मला म्हणाले. "आतून खोली कोरायची. या मशिनी तिथं लावायच्या. भिंतीचंच पाणी वापरायचं."

"आन थंडी वाजली तर?"

"तू गोधडी आण की."

शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली.

त्या उन्हाळ्यात टँकर आला नाही, मशिनींना पाणी नाही, म्हणून डायलिसिस सेंटर बंद राहिलं. परवा या म्हणाले. परवाही पाणी नव्हतं. त्यांचे पाय सुजले, चेहरा सुजला, बसल्या जागी दम लागायला लागला. लातुरात कुठंच सोय होईना, तेव्हा थोरल्या दिरांनी जीप केली आणि नांदेडला नेलं. तिथं वाचले.

घरी आल्यावर मात्र त्यांनी मोबाइल हातात घेतला नाही. मीच एकदा हिमनग लावून दिला. त्यांनी मोबाइल पालथा ठेवला.

पुढं एका सकाळी मी लातूरला जायची पिशवी भरत होते, तर म्हणाले, "बास आता. मी न्हाई येणार."

दिरांनी समजावलं. मी भांडले, रडले. न आल्यास काय होईल ते डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. त्यांना ते ठाऊकच होतं. शेवटी दीर मला हळूच म्हणाले, निदान पाणी तरी पोटभर पिऊ दे त्याला.

मी तांब्या भरून आणला. ते उठून बसले, दोन्ही हातांनी तांब्या तोंडाला लावला. दोन घोट गेले आणि उलटी झाली. पुन्हा प्यायले, पुन्हा तेच. मग तांब्या माझ्याकडे देऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

परत पाणी मागितलं नाही. तो आठवडा संपायच्या आत गेले.