घराघरातून जाणारे व्याही

आमचे व्याही आजवर ज्या दाराने कुणाच्या घरात शिरले, त्याच दाराने बाहेर पडल्याचं कुणी पाहिलेलं नाही. घराला मागचं दार ठेवतात ते माणसाला आरपार जाता यावं म्हणूनच, अशी त्यांची पक्की समजूत आहे. श्रीरामपूरला आमच्याकडे ते पहिल्यांदा आले तेव्हा मी नवी साडी नेसून पुढच्या फाटकाशी उभी, आणि हे शेजारच्यांच्या घरातून, तिथला चहासुद्धा घेऊन, थेट आमच्या मोरीपाशी उगवले. "बाई, तुमच्या शेजारनीचं गुडघं लई दुखत्यात, जरा बघा," हे त्यांचं आमच्या घरातलं पहिलं वाक्य. मी त्या शेजारणीला लागून निम्मं आयुष्य काढलं होतं, पण तिच्या गुडघ्यांची मला खबर नव्हती.

याचं मूळ पुणतांब्यात आहे. त्यांचं घर गल्ली आणि गोदावरी यांच्या बरोबर मध्ये येतं. नदीला जायचा रस्ता आहे, पण तो वळसा घालून. तेव्हा सगळी आळी पिढ्यान्‌पिढ्या यांच्या ओसरीवरून, माजघरातून, परसातून नदीवर जाते. नियम एकच. उंबऱ्याशी "जातो वो!" म्हणून हाक द्यायची आणि घरातल्या कुणीतरी "या जाऊन!" म्हणायचं. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी या घरात चालली होती. ऐन रंगात आली असताना धुण्याची बादली घेऊन एक बाई दोन्ही पक्षांच्या मधून गेली. तिच्यामागून शेळी घेऊन एक म्हातारा आला. माझ्या मुलीकडे निरखून पाहत "पोरगी चांगली हाय" असा निकाल देऊन तो परसात उतरला. आमचे यजमान तेव्हा हयात होते. ते हसले आणि म्हणाले, "ठरलं तर मग."

लग्नानंतर जावयांच्या नोकरीपायी मुलगी फ्रान्समधल्या ल्यों शहरात गेली. जावई सकाळी कामावर जायचे, ही घरात. शेजारपाजाराचं विचारलं की म्हणायची, "इथे तशी पद्धत नाही गं आई." बाकी सगळं छान आहे असंही म्हणायची. पण मी जन्मभर वर्गात पोरांचे आवाज ऐकलेत. ते छान मला काही खरं वाटेना. एका संध्याकाळी ती सहज बोलून गेली, "आज दिवसभरात तुझ्याशीच पहिल्यांदा बोलतेय." मी फोन ठेवला आणि पुणतांब्याला लावला. विहीणबाई म्हशी सोडून शिर्डीलासुद्धा मुक्कामाला जात नाहीत, आणि माझे यजमान तोवर गेलेले. म्हणून निघालो ते आम्ही दोघंच, मी आणि व्याही. विमानात महागड्या जागांपुढे पडदा असतो. व्याह्यांनी तो बाजूला सारून "जातो वो!" म्हटलं. हवाई सुंदरीने त्यांना दंडाला धरून परत आणून बसवलं. "पलीकडं बी मानसंच हायेत," एवढीच माहिती त्यांनी मला दिली.

ल्योंच्या जुन्या पेठेत एक गंमत आहे. रस्त्यावरून साधं घराचं दार दिसतं. ढकललं की आत लांबलचक अंधारा बोळ, मग चौक, चौकात गोल जिना, आणि तसंच पुढे गेलं की आपण पलीकडच्या गल्लीत. मुलगी म्हणाली, पूर्वीचे विणकर पावसात रेशीम भिजू नये म्हणून असे घराघरातून जायचे. आजही या चौकांभोवती लोक राहतात, आणि मुलीचं बिऱ्हाडही अशाच एका चौकावर. व्याह्यांनी पहिलं दार ढकललं, पलीकडचा उजेड पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. "बाई, ही तर आपलीच मानसं हायेत वो!"

बोळाच्या तोंडाशी पाटी होती. मुलीने वाचून दाखवली: इथे लोक राहतात, शांतता राखा. व्याही चक्रावले. "राहत्यात म्हनूनच आवाज द्यायचा ना? कुनाच्या घरातनं मुकाट्यानं जायला आपन काय चोर हाय का?" आणि तोंडाशी हात धरून त्यांनी जी "जातो वोऽऽ!" ठोकली, ती गोल जिन्याने पार माळ्यापर्यंत गेली. खिडक्या उघडल्या. एका टकलू गृहस्थांनी ओठांवर बोट ठेवलं. व्याह्यांनी त्यांना हात जोडून जेवण झालं का विचारलं. पुढचे काही दिवस पेठेतला एकही चौक सुटला नाही. मुलीच्या खालच्या मजल्यावरच्या काठीवाल्या आजीबाई तर बाहेर येऊन चांगल्या कडाडल्या. व्याह्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "आवाज खनखनीत हाय. म्हातारीची तब्येत बरी असनार," म्हणाले.

त्या संध्याकाळी मुलगी रडली. "आबांना सांग ना आई. तुम्ही जाल, मला इथेच राहायचंय." मी माझ्या वर्गातल्या आवाजात व्याह्यांना सांगितलं, आता तोंडातून शब्द नको. ते खाली मान घालून "बरं बाई" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी न्याहारी करून ते फिरायला गेले ते दुपार कलली तरी परत येईनात. मोबाईल उशाशीच. जावयांचा फोन लागेना. पेठेत सगळी दारं सारखी, आणि आतून कुठली वाट कुठे निघते देव जाणे. मुलीने इकडे तिकडे पाहिलं आणि जे कधी केलं नव्हतं ते केलं. खाली जाऊन आजीबाईंचं दार वाजवलं. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये ती सांगू लागली. मध्येच आजीबाईंनी काहीतरी विचारलं आणि मुलगी माझ्याकडे वळली. म्हणाली, "त्या विचारतायत, आज हाक आली नाही, आजारी आहेत का?"

आजीबाईंनी काठी घेतली. वाटेत त्यांनी टकलू गृहस्थांना खाली बोलावलं. आम्ही चौकामागून चौक पालथे घातले. शेवटी मुलगी त्या शांततेच्या पाटीखालीच थांबली. तोंडाशी हात धरला. तिचा इतका मोठा आवाज मी ती शाळेत असतानाही ऐकला नव्हता. "आबाऽऽ! जाते वोऽऽ!"

मग कुठल्याशा बंद दारापलीकडून, भिंतीतून यावी तशी, उत्तराची हाक आली. "याऽऽ जाऊन!"

दार टकलू गृहस्थांनी उघडून दिलं. व्याही जिन्याच्या पायरीवर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मागचं दार लागून गेलेलं, पुढचं उघडेना. मी म्हटलं, "अहो, ओरडायचं नाही का?" ते म्हणाले, "तुमीच न्हाई म्हनला हुता. म्हनलं, कुनी जाताना आवाज देईल तवा बोलू. पन दाराभायेरनं लई लोकं गेली, एकानं बी आवाज दिला न्हाई." मुलगी त्यांच्या शेजारी पायरीवर बसली आणि हसता हसता रडली. आजीबाईंनी सगळ्यांना घरी नेऊन कॉफी दिली.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. व्याह्यांचे मी आभार मानायला गेले तेव्हा ते म्हणाले, "त्यात काय बाई? मी तर नुसता बसून हुतो," आणि मागच्या दाराने नदीकडे निघून गेले. त्यांचं हे ऋण माझ्याच्याने फिटायचं नाही.

मुलीला मी रोज संध्याकाळी फोन करते. मध्येच लांबून, जिन्यावरून, आजीबाईंचा खणखणीत आवाज येतो, थेट व्याह्यांच्याच शब्दांत: "जातो वो!" मुलगी म्हणते, "आई, थांब हं जरा," आणि फोन टेबलावर ठेवून "या जाऊन!" ओरडत दाराकडे जाते. पूर्वी तिला माझ्याशिवाय बोलायला कुणी नव्हतं. आता बाहेर त्यांच्या गप्पा रंगतात, आणि मी इकडे श्रीरामपूरला फोन कानाला धरून थांबून राहते.