कुलरवरचं नाव

लग्न होईपर्यंत मुलगा दिवसभराचं सगळं मला सांगायचा. मी भाजी चिरत बसायची आणि तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बोलायचा. मला त्यातलं फारसं कळत नसे, माझी शाळा चौथीतच सुटली. पण मध्येच तो विचारायचा, "ऐकून राहिली ना वं आई?" मी मान हलवायची. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, पण ऐकायला मला कधी कंटाळा आला नाही.

तो कुलरसाठी खोकी करतो. खोकं साबणाच्या वडीएवढं, समोर बोटभर पडदा. टाकीतलं पाणी उतरलं की ते नळ उघडतं, टाकी भरली की बंद करतं. हे सगळं खोक्याला आधी लिहून द्यावं लागतं आणि ते लिहिणं मुलाचं काम. महाल भागातल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत त्याचं टेबल आहे.

सून आली तीही लिहिणारीच. धरमपेठेची, शिकलेली. ती घरूनच एका मोठ्या कंपनीचं काम करते. लोक फोनवरून तिकिटं काढतात, तसलं काही आहे. तिच्यासोबत लिहिणारे इतके, की ते एकमेकांना ओळखतही नाहीत. ती आल्यापासून मुलाचं बोलणं उंबऱ्यावरून जेवणाच्या टेबलावर गेलं. मी पोळी वाढायच्या निमित्तानं दोघांच्या मध्ये उभी राहायची. पोळी नको असली तरी वाढायची.

त्यांचा वाद एकच असायचा. ती ज्या भाषेत लिहिते ती म्हणे अशी, की एका वस्तूसाठी ठेवलेल्या जागेत दुसरी वस्तू सांडू देत नाही. चूक दिसली तर पुढे जाऊच देत नाही. मुलगा जुन्या भाषेत लिहितो. त्या भाषेत सगळं लिहिणाऱ्याच्या भरवशावर.

"तुमचं मंगल कार्यालय आहे," तो तिला म्हणाला. "शंभर आचारी, कोण कुठं हात घालते पत्ता नाही. तुमाले पायजेच तसं. माझं सैपाकघर एवढंसं आणि आचारी मी एकटा. कुठं काय ठेवलं मले झोपेतही माहीत आहे."

"एकटा आचारी आहे म्हणूनच मीठ दोनदा पडतं," ती म्हणाली. "आणि आमचं बंद पडलं तर लोक दोन शिव्या देतात, मग परत चालू होतं. तुझ्या खोक्याच्या मागे पाणी आहे, वीज आहे."

"एवढ्याशा खोक्यात तुझ्या भाषेचं ओझं मावन का?"

"बरीचशी तपासणी आधीच होते रे, खोक्यात भरायच्या आधी. ओझं कसलं?"

तो हसला. माझ्याशी बोलताना तो असा कधी हसला नव्हता. मी तर त्याला कधी उलट उत्तरच दिलं नव्हतं. मी पातेलं घेऊन आत गेले. त्या दिवसापासून मला एवढंच वाटायचं, की या एका वादात तरी तो जिंकावा. तिच्या भाषेत लिहायला लागला, की तो पुरता तिच्याकडे गेला असं मी मनात धरून बसले होते.

उन्हाळा लागला. खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या बदलून झाल्या आणि त्यानं घरातल्या कुलरांना आपली खोकी बसवली. त्यांच्या खोलीतल्या कुलरच्या पडद्यावर इंग्रजीत तिचं लाडाचं नाव आलं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण तिनं ते पाहून त्याच्या पाठीत मारलेला धपाटा मी पाहिला. माझ्या कुलरवरही इंग्रजीतच काहीतरी होतं. मी धीर करून म्हटलं, "मले वाचता येईन असं लिही नं. मराठीत."

"काहून नाही?" तो म्हणाला. मग दोन दिवस त्यानं टेबलावर मराठी अक्षरं ठिपक्याठिपक्यांनी मांडली. मी चहा नेला की पडदा दाखवायचा, "पाय बरं, ईकार बरोबर बसला का?" ते दोन दिवस तो माझा होता. सून दोनदा डोकावून गेली. मी काही तिला चहा विचारला नाही.

दुपारच्या जेवणाआधी माझ्या कुलरच्या पडद्यावर आलं: आईची खोली. मी ते मोठ्यानं वाचलं. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मग जेवून मी आडवी झाले.

पायाला गार लागलं म्हणून जाग आली. टाकी भरून वाहत होती, माझी गादी खालून ओली, पाणी दाराबाहेर पुढच्या खोलीत त्याच्या टेबलाखाली गेलेलं. पडद्यावर आईची खोली तसंच झळकत होतं. मुलानं आधी वीज बंद केली, मग नळ. सून पोंछा घेऊन खाली बसली.

चूक त्यालाच सापडली. नावासाठी त्यानं ठरावीक खण ठेवले होते. इंग्रजी अक्षर एका खणात बसतं, मराठीचं तीन-तीन खण खातं. माझं नाव आपल्या खणांत मावलं नाही आणि शेजारच्या खणावर सांडलं. त्या शेजारच्या खणात लिहिलेलं होतं, पाणी किती वर आलं की थांबायचं. ते पुसलं गेलं. मग खोकं थांबेल कशाला.

"मराठी मी आजच टाकली," तो म्हणाला. "खण मोजाचे राह्यले."

मला वाटलं आता ती बोलेल. मीठ दोनदा पडलं म्हणेल. मी वाट पाहत होते, म्हणजे मला तिचा राग तरी करता आला असता. तिनं पोंछा बादलीत पिळला आणि एवढंच म्हणाली, "आई, तुमची गादी गच्चीवर टाकू या. ऊन आहे अजून."

दुसऱ्या दिवशी त्यानंच तिला टेबलाशी बोलावलं. दोघं एका खुर्चीवर अर्धे अर्धे बसले. खोकं तिच्या भाषेत नव्यानं लिहिणं सुरू झालं. मी गादी उलटवायला गच्चीवर गेले आणि गरज नसताना बराच वेळ उन्हात थांबले. खाली आले तेव्हा तो सांगत होता, "पाय, हे आता मले दटावून राहिलं. म्हणते, नाव मोठं आहे, मी नाही घेत."

"मग नाव लहान करू," मी म्हटलं. "नुसतं आई ठेव."

"नाही आई," सून म्हणाली. मान वर न करता. "नाव तेच राहील. जागा वाढवते मी."

आता माझा कुलर बरोबर भरतो आणि थांबतो. पडद्यावर आईची खोली आहे. ते लिहून दिलं मुलानं, पण त्याला जागा तिनं केली. मी रोज वाचते. दुपारी ते दोघं टेबलाशी बसलेले असले, की मी चहाचे दोन कप घेऊन जाते, त्याच्यापुढे एक, तिच्यापुढे एक. तिच्या कपात साखर थोडी कमी पडते. ती तो तसाच पिऊन टाकते.