उलटी गाठ

लिफ्टमनकाकांना सगळं यायचं, टाय तेवढा बांधता यायचा नाही. मोठ्या दुकानाची लिफ्ट चालवण्यात हयात गेली, आणि साहेबांचा हुकूम असा की टायशिवाय लिफ्टमध्ये पाऊल नाही. म्हणून रोज सकाळी बायको समोर उभी राहायची. "हनुवटी वर!" म्हणायची, गाठ मारायची आणि छातीवर एक थाप द्यायची. बाई डावखुरी, त्यामुळे गाठही भलतीकडे कललेली.

"गळफास आहे हा," काका कुरकुरायचे.

"लगाम आहे," ती म्हणायची. "संध्याकाळी ओढून घरी आणायला."

बायको वारली. तिने मारलेली शेवटची गाठ मात्र काकांनी सोडली नाही. घरी आलं की सैल करून डोक्यावरून काढायची, सकाळी तशीच चढवायची. तेवढ्यावर गडी तगून होता.

आणि मुलीने एका रविवारी तो टाय धुतला! भली पोर, बापाच्या गळ्यातला मळ तिला बघवेना. गाठ सोडून, इस्त्री करून खुंटीला लावला. काका त्या दिवशी जेवले नाहीत.

सोमवारी सपाट टाय गळ्यात टाकून ते आरशासमोर उभे राहिले. सवयीने डोळे मिटले, हनुवटी वर केली. कॉलर आवळली. छातीवर थाप बसली. डोळे उघडले तर खोलीत कोणी नाही, आणि गळ्यात तीच भलतीकडे कललेली गाठ. घाबरतील तर शपथ! वेड्यासारखे हसत कामावर गेले.

संध्याकाळी कोपऱ्यावर आले. डावीकडे घर, उजवीकडे स्मशान. काका डावीकडे वळले आणि टाय ताठ झाला. वारा नव्हता, तरी टोक उजवीकडे उचललेलं. तिचं घर आता तिकडेच की! खोटं कशाला बोला, जावंसं वाटलं त्यांना. दोन पावलं गेलेसुद्धा.

"अगं, पोर जेवायची थांबलीय," ते पुटपुटले. "तिला एकटीला टाकून येऊ?"

गाठ आणखी आवळली. डोळ्यांपुढे अंधारी आली. मग छातीवर थाप बसली, अगदी हलकी, आणि गाठ आपोआप सुटली.

काका घरी आले ते टाय हातात घेऊन, डोळे पुसत.

"बाबा, सकाळची गाठ कुणी सोडली?" मुलीने विचारलं.

"तुझ्या आईने. उद्यापासून तू बांध."

"पण माझी गाठ सरळ येईल, बाबा."

"येऊ दे," काका म्हणाले.