भोयांच्या बांधात अडकलेली डबी

परवा नातवाला इंग्रजी पुस्तकात ‘किडल’ हा जुना शब्द अडला. कोशात अर्थ सापडला, मासे धरण्यासाठी नदीत घातलेला बांध. तो दिसतो कसा, ते मात्र त्याला कळेना. मला विचारायचं की! त्या बांधाचे माझ्यावर उपकार आहेत.

१९३० च्या पुढेमागे मी लग्न होऊन नाशकात आले. तपोवनाच्या खालच्या अंगाला भोयांनी नदीत दगडांची तिरपी रांग रचली होती. मधे एकच फट आणि तिच्यात बांबूची लांबोडकी टोपली. मासा आत शिरला की परतीची वाट बंद. रामकुंडावरून वाहत आलेले नारळसुद्धा तिथेच अडकत.

माझ्याकडे माहेरची लाकडी मेणाची डबी होती. कुंकवाआधी कपाळाला मेण लावायचं, ते तिच्यात. त्या मेणात आईच्या बोटाचा खळगा होता. आई जाऊन वर्ष झालं होतं. तिचं म्हणून तेवढंच माझ्याजवळ उरलं होतं. एका सकाळी डबी घाटाच्या पायरीवरून घरंगळली आणि डोळ्यांदेखत वाहून गेली. मी भोकाडच पसरलं. सासूबाई म्हणाल्या, “डबीच ना? दुसरी आणू.” मी दिवसभर जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंबरोबर घाटावर असताना एक भोईण डबी घेऊन विचारत आली. मी झडपच घातली.

“मासळीच्या टोपलीतली?” सासूबाई म्हणाल्या. “घरात नाही यायची.”

“वास नाय राहिला, बाई. राखेनं तीनदा घासलीय, आतूनबी,” भोईण म्हणाली.

मी डबी उघडली. मेण नवं, गुळगुळीत.

“कुणी सांगितलं होतं घासायला?” मी खेकसले. “माझ्या आईचं बोट होतं त्यात!”

तिचा चेहरा उतरला. “तुझ्या सासूनं घरात घेऊ द्यावी म्हून घासली गं, पोरी. मग सवाशिणीला रिकामी कशी देऊ? माझ्या डबीतलं मेण घातलं.”

माझी मलाच लाज वाटली. मी डबी तिच्यापुढे धरली आणि कपाळ पुढे केलं. तिने बोट मेणात रुतवून माझ्या कपाळाला टेकवलं. सासूबाई जरा घुटमळल्या. मग त्यांनी आपल्याजवळचं कुंकू त्यावर लावलं आणि म्हणाल्या, “चल आता. डबी नीट धर.”

नातवाला मी ती डबी उघडून दाखवली. भोईणीच्या बोटाचा खळगा अजून तसाच आहे. इतकी वर्षं मी मेण कडेकडेनेच भरत आणि घेत आले.